मुक्त सॉफ्टवेअरवर सरकारी कामे: अडते कुठे आणि मागायचे काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी कर सल्लागाराचे कार्यालय, त्याच जागेत लोकांचे सरकारी अर्ज भरून देण्याचे काम आणि पाच जुने संगणक. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ही यंत्रे विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून त्यांतल्या चारांवर लिनक्स मिंट ही मुक्त, म्हणजे जिचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशी, कार्यप्रणाली टाकली. आता आयकर, जीएसटी, कंपन्यांचे फॉर्म, टेंडर, सातबारा, हयातीचा दाखला यांतले काय लिनक्सवर होईल? पाचवे यंत्र विंडोजवरच ठेवावे का? आणि प्रत्येक वेळी "विंडोज वापरा" एवढेच सांगणाऱ्या हेल्पडेस्कच्या वर दाद कुठे मागायची?

कामापुरते उत्तर आधी देतो. चार यंत्रांवर लिनक्स राहू द्या. एक यंत्र मात्र परवाना असलेल्या, चालू आवृत्तीच्या विंडोजचे ठेवा, आणि ते हे जुने पाचवे नको. आधार संपलेल्या विंडोजवर अशिलांच्या डिजिटल सह्यांची टोकने (सही ज्यात साठवलेली असते ती पेनड्राइव्हसारखी उपकरणे) लावणे हा त्यांच्या विश्वासाशी खेळ आहे. नवे यंत्र घेणे जमत नसेल तर चारांतले ज्यात रॅम जास्त आहे त्यात आभासी यंत्र, म्हणजे लिनक्सच्या आतच चालणारे विंडोज, उभे करा. लिनक्सवर व्हर्ट-मॅनेजर आहे, तो संपूर्ण मुक्त आहे आणि यूएसबी टोकन आतल्या विंडोजकडे सोपवू शकतो. आतल्या विंडोजलाही परवाना लागतो, तो घ्या. त्या यंत्रावर फक्त सही, एक्सेलच्या युटिलिटी (विवरणपत्र भरण्याच्या सरकारी फाइली) आणि बोटाचा ठसा ही कामे करा. बाकी सगळे लिनक्सवर होते.

आता हे असे का, आणि हे एक यंत्र कायमचे का लागू नये, ते सविस्तर.

मी छोट्या कार्यालयांत लिनक्स बसवून देण्याचे काम बरीच वर्षे करतो आहे, आणि अडचणीचे ठिकाण जवळजवळ नेहमी एकच असते. वेबपान अडत नाही. डिजिलॉकर, आपले सरकार, भूलेख, माहिती अधिकाराचे ऑनलाइन अर्ज, आयकराचे पोर्टल, जीएसटीचे लॉगिन हे सगळे लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये उघडते आणि चालते. एखादे पान उघडलेच नाही तर आधी लिनक्सला दोष देऊ नका. कित्येक सरकारी संकेतस्थळे भारताबाहेरच्या पत्त्यांना दारातच अडवतात. त्यामुळे दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मुलाला गावच्या जमिनीचा उतारा दिसत नाही, आणि व्हीपीएन चालू असेल तर तुम्हालाही दिसणार नाही. अडते ते पानाच्या शेजारचे: टोकनवरून सही करून देणारा छोटा प्रोग्राम, मॅक्रो (एक्सेलच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम) भरलेली एक्सेलची फाइल, बोटाच्या ठशाच्या यंत्राची सेवा आणि अलीकडे फोनवरचे ॲप. सरकारने पान सगळ्यांसाठी केले आणि शेवटचे दोन पाऊल एका कंपनीच्या जमिनीवर टाकायला लावले, असे हे आहे.

सहीपासून सुरू करू, कारण तिथे सगळ्यात जास्त वेळ जातो.

पूर्वी पोर्टले सहीसाठी जावाचे ॲपलेट, म्हणजे जावा भाषेतला छोटा प्रोग्राम, वापरत. ते ब्राउझरच्या आत चालायचे आणि थोड्या खटपटीने लिनक्सवरही चालायचे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये प्लगइनची ती जुनी सोय बंद केली. २०१८ च्या जावा ११ मधून ओरॅकलने ते प्लगइनच काढून टाकले. राहिला इंटरनेट एक्स्प्लोरर, तोही १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. मधल्या वर्षांत कितीतरी ठेकेदारांनी जुना एक्स्प्लोरर आणि जुने जावा असलेले एक यंत्र फक्त टेंडर भरण्यासाठी जपून ठेवले होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत वाईट अवस्थेतल्या त्या यंत्रावर लाखो रुपयांच्या निविदांच्या सह्या होत होत्या. म्हणून मी सांगतो की हा प्रश्न फक्त लिनक्सवाल्यांचा नाही. एकाच कंपनीच्या एका वस्तूला शासनव्यवहार बांधला की ती वस्तू बंद पडते तेव्हा विंडोजवाल्यांचेही हाल होतात.

ॲपलेट गेल्यावर आजची पद्धत आली. संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवायचा. तो यंत्राच्या आतल्याच एका पोर्टवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारावर, वाट बघत बसतो. पान त्याला मजकूर पाठवते, तो टोकनकडून सही करून घेतो आणि पानाला परत देतो. या रचनेत विंडोजची गरज कुठेच नाही. टोकनशी बोलण्याची भाषा पीकेसीएस ११ या नावाने जगभर ठरलेली आहे. लिनक्सवर पीसीएससी नावाची सेवा कार्ड आणि टोकने वाचते, फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये सुरक्षा उपकरणे म्हणून ती जोडता येतात. अडचण इतकीच की पान आणि तो छोटा प्रोग्राम आपसात काय बोलतात हे बहुतेक पोर्टले जाहीर करत नाहीत. ते जाहीर असते तर दुसऱ्या कोणीही लिनक्ससाठी तसा प्रोग्राम लिहिला असता, आणि त्याचा कोड चार जाणत्या लोकांनी तपासलाही असता.

तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट अशी. डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र, घेताना त्याच्या दरापेक्षा टोकनकडे आधी बघा. १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ बंद होऊन क्लास ३ च मिळते, त्यामुळे प्रमाणपत्रात फारशी निवड उरलेली नाही, पण टोकनात आहे. विक्रेत्याला विचारा की या मॉडेलसाठी चालू उबंटूवर (मिंट ज्यावर उभे आहे ते लिनक्स) चालणारी लायब्ररी, म्हणजे टोकनशी बोलणारी फाइल, देता का, आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "हो चालतं" यावर विसंबू नका. ओपनएससी या मुक्त प्रकल्पात काही टोकनांचे ड्रायव्हर आहेत, पण आपल्याकडे टोकन विक्रेत्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने तयार करून देतात आणि तसे तयार केलेले टोकन ओपनएससीला वाचता येईलच असे नाही. म्हणून विक्रेत्याची लायब्ररी लागते. टोकन लावल्यावर ओपनएससीसोबत येणाऱ्या पीकेसीएस११-टूलला त्या लायब्ररीचा मार्ग देऊन प्रमाणपत्र दिसते का ते बघा. तिथे दिसले की टोकनाचे काम झाले. यापुढे अडले तर दोष पोर्टलच्या साइनरचा, म्हणजे सही करून देणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रामचा आहे, आणि तक्रार करताना हे ठामपणे लिहिता येते. काही पोर्टले साइनरची लिनक्स आवृत्तीही देतात, त्यामुळे डाउनलोडच्या पानावर खालपर्यंत बघत जा.

जिथे सही टाळता येते तिथे टाळा. व्यक्तींची आयकर विवरणपत्रे आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने पडताळता येतात. जीएसटीत एकट्या मालकाच्या आणि भागीदारीच्या अशिलांना ईव्हीसी, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या कोडने पडताळणी, चालते. कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदाऱ्या) यांना मात्र डीएससीची सक्ती आहे. पण कोविडच्या काळात, २०२१ मध्ये काही महिने, कंपन्यांनाही जीएसटी विवरणपत्रे ईव्हीसीने भरू दिली होती. तेव्हा कोणते आकाश कोसळले नाही. म्हणजे ही सक्ती तंत्रज्ञानाची नाही, नियमाची आहे, आणि नियम मागणी केल्यावर बदलतात. २०१५ पासून आधारवर आधारलेली ई-साइनची सोयही कायद्याला मान्य आहे. तिला टोकन लागत नाही, कोणत्याही ब्राउझरमधून सही होते. सहीची गुप्त किल्ली आपल्या हातात राहत नाही हा तिचा दोष मला खटकतो, तरी सामान्य नागरिकाच्या एखाद्या अर्जासाठी ती टोकनापेक्षा पुष्कळ सोयीची आहे.

आता एक्सेल. आयकराच्या एक्सेल युटिलिटीत आतबाहेर मॅक्रो आहेत, ती लिब्रेऑफिसमध्ये उघडली तरी नीट चालत नाही. ती चालवण्याचा हट्ट सोडा. जीएसटीच्या ऑफलाइन साधनासाठी तर विंडोज आणि एक्सेल हीच अट लिहिलेली असते. पण या दोन्ही खात्यांनी एक फार मोलाचे काम केले आहे, आणि त्याची दखल आपल्याकडे घेतलीच जात नाही. आयकर विभाग विवरणपत्राच्या जेसन फाइलचा (माहिती ठराविक नावांनी लिहिलेली साधी मजकूर-फाइल) पूर्ण साचा आणि तपासणीचे नियम आपल्या डाउनलोड विभागात जाहीर करतो. कोणता रकाना कोणत्या नावाने, किती अंकी, कोणती बेरीज कशाशी जुळली पाहिजे, सगळे त्यात असते. ई-इन्व्हॉइसचेही तसेच. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून ती सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. तिचा साचा पहिल्यापासून जाहीर आहे.

याचा परिणाम बघा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे हिशेब सांभाळणारे, जीपीएल या मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर. त्याला जोडायचे 'इंडिया कम्प्लायन्स' हे ॲपही मुक्त आहे. त्या दोघांतून आज लिनक्सवर बसून ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल होते. सरकारने लिनक्ससाठी एक ओळही कोड लिहिला नाही. फाइलीचा साचा आणि देवाणघेवाणीची रीत खुली केली, बाकीचे लोकांनी केले. तुमच्या अशिलांतल्या मध्यम व्यापाऱ्यांसाठी हा मार्ग जरूर पाहा.

म्हणून माझे सांगणे असे की "लिनक्सची आवृत्ती काढा" ही मागणी कमी पडते. लिनक्सची आवृत्ती काढून घेतली तरी ती उबंटूच्या एकाच जुन्या आवृत्तीवर चालते, दोन वर्षांनी तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि आपण परत हेल्पडेस्कच्या दारात उभे. मागायची ती फाइलीची आणि संवादाची लेखी व्याख्या. साचा जाहीर करा, संवादाची रीत जाहीर करा, तुमचा साइनर प्रोग्राम जनतेच्या पैशाने लिहिला असेल तर त्याचा कोडही जाहीर करा.

दक्षिण कोरियाने याच्या उलट केले तेव्हा काय झाले ते बघण्यासारखे आहे. १९९९ मध्ये तिथे डिजिटल सहीचा कायदा आला. बँक आणि सरकारी कामासाठी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लागू लागले, आणि सीड नावाची त्यांची स्वतःची सांकेतिक पद्धत वापरायची ठरली. ती ब्राउझरांत नव्हती, म्हणून ॲक्टिव्हएक्सचे तुकडे बसवायला लावले, आणि ते फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालत. जगातल्या सगळ्यात वेगवान इंटरनेटपैकी एक असलेला देश जवळजवळ पूर्णपणे एका ब्राउझरला बांधला गेला. कोरिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक किम गीचांग यांनी ओपनवेब या मोहिमेतून २००७ मध्ये दावा लावला. मागणी साधी होती, इतर ब्राउझरवाल्यांनाही प्रमाणपत्र मिळावे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पुढे स्मार्टफोन आले, त्यांत ॲक्टिव्हएक्स चालेना, आणि तेव्हा ती भिंत सगळ्यांनाच दिसू लागली. त्या प्रमाणपत्राचा विशेष दर्जा संपायला १० डिसेंबर २०२० उजाडला. न्यायालयात हरलेला माणूस बरोबर होता हे मान्य व्हायला अकरा वर्षे लागली.

एस्टोनियाने २००२ पासून ओळखपत्रातच सहीची किल्ली दिली. सहीसाठीच्या डिजिडॉक प्रोग्रामचा कोड खुला आहे आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळतो. देश लहान आहे, आपली तुलना सरळ होत नाही, हे मान्य. पण कोड खुला ठेवल्याने त्यांच्या सह्यांची सुरक्षितता कमी झाली असे म्हणायला कोणी पुढे येत नाही, आणि आपल्याकडे नकार देताना पहिले कारण सुरक्षिततेचेच सांगतात.

ब्राझीलची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगतो. तिथल्या कर खात्याचा विवरणपत्राचा प्रोग्राम जावात होता, लिनक्सवर चालत होता. तरीही तिथल्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीने तो नाकारला. नागरिकाला कायद्याने जो प्रोग्राम चालवावा लागतो, तो आत काय करतो हे बघण्याचा हक्क त्याला हवा, ही त्यांची भूमिका. २००७ पासून त्यांनी त्याच कामाचा आयआरपीएफ-लिव्रे हा मुक्त प्रोग्राम दिला. लिनक्सवर चालणे आणि मुक्त असणे यांत हे अंतर आहे. काही जण याच न्यायाने पानावरची जावास्क्रिप्टही मुक्त असल्याशिवाय चालवत नाहीत. तत्त्व म्हणून त्यांचे म्हणणे मला पटते. पण ज्याला उद्या अशिलाचे विवरणपत्र भरायचे आहे त्याला मी आज तिथपर्यंत जायला सांगणार नाही. आधी सही आणि साचे सोडवून घेऊ.

पीडीएफचे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे ठेवा. पहिला, भरायचे फॉर्म. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या जुन्या ई-फॉर्मची फाइल लिनक्सवर उघडली की इंग्रजीत "कृपया थांबा" एवढाच मजकूर दिसत असे, कारण ते एक्सएफए प्रकारचे फॉर्म होते आणि ते ॲडोबीच्या रीडरलाच कळत. लिनक्ससाठीचा तो रीडर ९.५.५ वर, २०१३ मध्ये थांबला. ऑक्टोबर २०२१ च्या फायरफॉक्स ९३ पासून असे फॉर्म निदान दिसू लागले, पण दिसणे आणि भरून, तपासून, पाठवता येणे यांत फरक आहे. मंत्रालयाने मार्च २०२२ पासून एलएलपीचे आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरपासून कंपन्यांचे फॉर्म टप्प्याटप्प्याने वेबवर आणले, हे चांगले झाले. भरणे आता कोणत्याही ब्राउझरात होते. शेवटी तयार झालेल्या पीडीएफवर सही मात्र करावी लागते, आणि तिथे परत टोकन आले. ऑक्युलर या मुक्त वाचकात २०२१ पासून पीडीएफवर सही करता येते. विक्रेत्याची लायब्ररी जोडलेली असेल तर टोकनवरूनही होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पहिला प्रयोग करू नका, एवढेच.

दुसरा प्रश्न सही तपासण्याचा, आणि तुमच्याकडे येणाऱ्या लोकांसाठी तो जास्त महत्त्वाचा आहे. पंधरा रुपयांत मिळणारा डिजिटल सहीचा सातबारा, ई-आधार, कित्येक दाखले यांवर प्रश्नचिन्ह दिसते आणि बँकेतला माणूस हिरवी खूण मागतो. पानावर लिहिलेले असते की ॲडोबी रीडर घ्या. तशी गरज नाही. प्रश्नचिन्ह ॲडोबीतही आधी दिसतेच, कारण भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र वाचकाला माहीत नसते. ते त्या नियंत्रकाच्या, म्हणजे सीसीएच्या, संकेतस्थळावरून उतरवा. सध्याच्या कागदांसाठी २०२२ चे आणि जुन्या कागदांसाठी २०१४ चे अशी दोन लागतात. ऑक्युलरच्या सेटिंगमध्ये पीडीएफसाठी प्रमाणपत्रांचा साठा कोणता वापरायचा हे सांगता येते. तिथे फायरफॉक्सचा साठा न देता वेगळे फोल्डर द्या, त्यात ही प्रमाणपत्रे घाला आणि ईमेल ओळखण्यासाठी विश्वास द्या, संकेतस्थळे ओळखण्यासाठी देऊ नका. वेगळा साठा मी मुद्दाम सांगतो. जुलै २०१४ मध्ये याच साखळीतल्या एका सरकारी प्रमाणन संस्थेकडून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती आणि ब्राउझरांना त्या मुळावरचा विश्वास आखडता घ्यावा लागला होता. कागदावरची सही तपासायला ते मूळ योग्य आहे, पण तुमच्या बँकेचे संकेतस्थळ खरे की खोटे हे ठरवण्याचा अधिकार त्याला देण्याचे कारण नाही. एकदा ही जोडणी झाली की ऑक्युलर सही बरोबर आहे का, कागद नंतर बदलला आहे का, हे स्पष्ट सांगतो.

बोटाच्या ठशाबद्दल मला आशेचे फार सांगता येत नाही. २०१७ पासून आधारला नोंदणीकृत उपकरणेच चालतात. उपकरणाची आरडी सेवा, म्हणजे ठसा घेऊन पुढे देणारा त्याचा प्रोग्राम, यंत्रातल्या ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर बसते आणि पान तिच्याशी बोलते. इथे संवादाची रीत जाहीर आहे, पण सेवा ज्या त्या उपकरणाच्या कंपनीने, तिच्या किल्ल्यांनी बंद केलेली असते, आणि ती बहुतेक विंडोज नाहीतर अँड्रॉइडचीच मिळते. त्यामुळे दाखल्यांचे काम विंडोजच्या यंत्रावरच करा. हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसाला ठसा उमटत नाही म्हणून परत पाठवू नका. नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा ओळखूनही दाखला होतो, पोस्टमन घरी येऊन करून देतो, आणि बँकेत जाऊन कागदावर देण्याची सोय अजून आहे. ती कागदाची सोय टिकली पाहिजे.

फोनच्या बाबतीत वारे उलट दिशेने वाहते आहे, याची मला काळजी वाटते. ज्या सेवा ब्राउझरात होत्या त्या हळूहळू "ॲप उतरवा" म्हणू लागल्या आहेत, आणि ॲप फक्त गूगल किंवा ॲपलच्या दुकानातून मिळते. लिनिएजओएससारखी मुक्त प्रणाली टाकलेल्या फोनवर कित्येक ॲप तुमचा फोन असुरक्षित आहे म्हणून बंद होतात, जरी त्या फोनला कंपनीच्या जुन्या प्रणालीपेक्षा ताजी सुरक्षा दुरुस्ती मिळत असली तरी. यावर माझी भूमिका पक्की आहे: ॲप असू द्या, पण त्या ॲपवर होणारे प्रत्येक काम वेबवरही झाले पाहिजे. सरकारला खुलेपणा जमतच नाही असेही नाही. २६ मे २०२० रोजी आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड लोकांच्या मागणीनंतर जाहीर झाला होता.

मराठी अक्षरांचा त्रास तुम्ही प्रश्नात विचारला नाही, पण तो होणार. जुन्या शासकीय फाइली योगेश, सुरेख, श्री-लिपीच्या जुन्या फाँटांत टंकलेल्या आहेत. ते फाँट लिनक्सवर नसले की रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. केंद्राने नोव्हेंबर २००९ मध्ये युनिकोड हे मानक ठरवले, तरी अजून तहसीलच्या पेनड्राइव्हमध्ये योगेश येतोच. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मूळ फाइल जपून ठेवा, कारण जोडाक्षरांत चुका राहतात. नावे आणि गट क्रमांक डोळ्यांनी तपासा. लिनक्सवर लोहित आणि मुक्ता हे फाँट टाकले की युनिकोड मराठी नीट दिसते, छापतेही. शासन निर्णयाच्या पीडीएफमधून मराठी मजकूर नक्कल केला की अक्षरे फुटतात, ती अडचण विंडोजवरही तशीच आहे.

आता दाद कुठे मागायची.

हेल्पडेस्कला फोन करू नका, लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. तक्रारीत लिनक्सचे नाव आणि आवृत्ती, ब्राउझरची आवृत्ती, कोणत्या पानावर कोणते बटण दाबल्यावर काय झाले, ब्राउझरच्या कन्सोलमधला (त्रुटी नोंदवणाऱ्या खिडकीतला) नेमका त्रुटीसंदेश आणि पडद्याचे चित्र द्या. एका तक्रारीत एकच गोष्ट मागा. "विंडोज वापरा" असे उत्तर आले की ते लेखी उत्तरच तुमचा पुरावा. केंद्राच्या पोर्टलसाठी तो जोडून सीपीग्राम्स या केंद्राच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जा. २०२४ च्या सूचनांप्रमाणे तिथे २१ दिवसांत निपटारा अपेक्षित आहे आणि असमाधान असेल तर अपील करता येते.

तक्रारीला आधार म्हणून तीन गोष्टी नावानिशी लिहा. केंद्राचे खुल्या मानकांविषयीचे २०१० चे धोरण. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याविषयीचे २०१५ चे धोरण, ज्यात निविदा काढताना अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे आणि वगळले तर कारण नोंदवावे असे म्हटले आहे. राज्यांवर ते आपोआप बंधनकारक नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच उत्तरात तक्रार निकाली निघते. तिसरी, सरकारी संकेतस्थळांसाठीच्या जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक सूचना, ज्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. तुमच्या भागात अंध व्यक्तींची संघटना असेल तर तिच्याशी जोडून घ्या. त्यांचा एनव्हीडीए हा पडदावाचकही मुक्त सॉफ्टवेअरच आहे, आणि साध्या, मानकांप्रमाणे लिहिलेल्या पानांची गरज त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये धरला. तो निकाल दिव्यांगांच्या केवायसीबद्दल आहे, मुक्त सॉफ्टवेअरबद्दल नाही, त्यामुळे तो आपलाच असल्यासारखा वापरू नका.

याहून परिणामकारक मार्ग माहिती अधिकाराचा आहे, पण तो नीट वापरावा लागतो. "तुमचे पोर्टल लिनक्सवर का चालत नाही" असे विचारले तर "प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असे उत्तर येईल, आणि ते नियमाला धरून असेल. कागद मागा. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांचा लागतो, म्हणून मजकूर आटोपशीर हवा. असा चालेल:

"आपल्या विभागाच्या अमुक पोर्टलवरील डिजिटल सहीच्या सुविधेबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. सदर सुविधेच्या निविदेतील तांत्रिक आवश्यकतांचा भाग. निवडलेल्या पुरवठादाराशी झालेल्या करारातील स्रोत कोडच्या मालकीविषयीची कलमे. वेगवेगळे ब्राउझर आणि कार्यप्रणाली यांवर घेतलेल्या चाचण्यांचा अहवाल. पोर्टल आणि सहीचा प्रोग्राम यांच्यातील संवादाचे तांत्रिक दस्तऐवज."

शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. चाचणीचा अहवाल उपलब्ध नाही असे उत्तर आले तर तेच तुमच्या पुढच्या तक्रारीचे पहिले वाक्य. कोडची मालकी शासनाची निघाली तर तो जाहीर करण्याची मागणी करता येते, आणि ती मागणी एकट्याने न करता जिल्ह्याच्या कर सल्लागार संघटनेच्या पत्रावर करा. पोर्टलची पुढची निविदा निघण्याआधी, पूर्वबोली बैठकीच्या सुमारास ते पत्र पोहोचले तर सगळ्यात चांगले, कारण करार झाल्यावर प्रत्येक बदलाला पुरवठादार जादा पैसे मागतो आणि विभाग हात वर करतो.

सुरुवात टोकनांपासून करा. तुमच्याकडच्या टोकनांच्या पाठीवरचे मॉडेल, ती कुठल्या प्रमाणन संस्थेकडून घेतली आणि मिंटची आवृत्ती एवढे कळवलेत तर कोणती लिनक्सवर लगेच चालतील आणि कोणती नूतनीकरणाच्या वेळी बदलून घ्यावीत, हे मी सांगू शकेन.